जबड्याशी तुटलेले दोर

४ फेब्रुवारी

ताई,

फोन वाजतो, पण तुम्ही उचलत नाही. मुख्य कार्यालयात गेल्यापासून कामाच्या रगाड्यात असाल, असं मी स्वतःला सांगते आहे. म्हणून पत्र. प्रश्न अगदी लहान आहे आणि तुम्ही हसाल. "शंकेखोर, आलीस का पुन्हा?" म्हणाल. म्हणा. मला ते ऐकायचंच आहे.

जबड्याशी तुटलेल्या दोराचे दोन्ही तुकडे सारख्या लांबीचे असू शकतात का?

हे आत्ताच का सुचलं तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हिला उद्योग नाही. वहिनीला कपडे वाळत घालायला दोर हवा होता. आपल्या प्रयोगशाळेच्या स्टोअरमध्ये रद्द चाचण्यांचे तुकडे पडलेले असतात, शेवटी भंगारातच जातात. मशीनवाल्या काकांना विचारलं, नेऊ का? ते म्हणाले, "ने की, तेवढीच माझी वाट मोकळी होईल." मी पिशवीभर आणले. वहिनीने पिशवी जमिनीवर उपडी केली आणि कपाळाला हात लावला.

"एवढं शिकलात वन्सं, आणि घरी आणलंत काय, तर हे? सगळे मधोमध तुटलेले! यांच्यावर काय वाळत घालू, हातरुमाल?"

मी हसले. मग एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला आणि हसू थांबलं. प्रत्येकाला लेबल होतं. दोराचा क्रमांक, वापराची वर्षं आणि तुटण्याचा भार काकांच्या अक्षरात. त्याखाली तुमच्या अक्षरात: जबड्याशी तुटला, रद्द.

तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात त्या मशीनसमोर उभं केलं होतंत. दोराची दोन टोकं दोन जबड्यांत, मशीन खेचत राहतं, शेवटी दोर तुटतो. मध्ये कुठे तुटला तर तो आकडा दोराच्या ताकदीचा. जबड्याच्या कडेला तुटला तर त्यात दोराचा दोष नाही, जबडाच त्याला चावलेला असतो, म्हणून ती चाचणी रद्द. मला ते पटलं होतं, अजूनही पटतं. पण जबड्याशी तुटला तर एक तुकडा बोटभर राहायला हवा आणि दुसरा जवळजवळ अख्खा. नाही का?

लेबलं चुकून अदलाबदल झाली असतील. तुम्ही ती दिवसअखेरीला घाईत लिहायचात, मी पाहिलं आहे. असंही असेल की रद्द करायचं दुसरं काही कारण होतं आणि तुम्ही सवयीने तेच शब्द लिहिलेत. मला फक्त एवढंच कळवा.

दोर किती वर्षं वापरावेत त्याचा अहवाल गेला आहे म्हणून विचारते. त्यावर तपासणीची सही माझी आहे.

घरी सगळे बरे आहेत. आई तुमची आठवण काढते. तुम्ही घरी आला होतात तेव्हा खाली तिच्याशेजारी बसलात, ते ती अजून सगळ्यांना सांगते.

तुमची,
शंकेखोर


१३ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. आता मी प्रश्न विचारत नाही, काय केलं ते सांगते. तुम्हाला न विचारता केलं.

काकांकडून स्टोअरची किल्ली घेतली आणि दोन दुपारी रद्द तुकड्यांच्या ढिगात बसून काढल्या. जोड्या लावल्या. नवे दोर, दोन-तीन वर्षं वापरलेले, त्यांतले जे रद्द होते ते खरोखरच जबड्याशी तुटलेले होते. बोटभर टोक, बाकी लांब. पण चार-पाच वर्षांचे जे रद्द होते, ते जवळजवळ सगळे मध्ये तुटलेले. आणि प्रत्येकाचा भार कमी, फार कमी.

काकांना विचारलं. ते म्हणाले, "मी दोर तोडतो बाई, रद्द करत नाही. रद्द करायला तुझी ताई यायची."

ताई, अहवालासाठी रेषा काढायच्या आधी मी तुम्हाला विचारलं होतं. खिडकीजवळच्या तुमच्या टेबलाशी उभी होते. विचारलं होतं, रद्द किती झाले? तुम्ही म्हणालात, नेहमीइतकेच. मी म्हटलं, कोणत्या वयाचे? तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "सगळ्या वयांचे गं. जा आता, चित्र काढ."

मी चित्र काढलं. मला तो दिवस स्पष्ट आठवतो, कारण मी इतकी खूश क्वचितच असते. वापराची वर्षं आडवी, तुटण्याचा भार उभा, मधून उतरत जाणारी रेषा. मग प्रत्येक दोर रेषेपासून किती वर, किती खाली, त्या उरलेल्या फरकांचं वेगळं चित्र. तुमचं वाक्य माझ्या डोक्यात होतं: "कॉम्प्युटर कशातूनही रेषा काढून देतो, तो कधी नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं काम आपलं." म्हणून मी नाही म्हणायची तयारी करूनच बसले होते. रेषा सरळच आहे की कुठे वाकते, पाहिलं. एकाच दोराचे दोन तुकडे वेगळे दोर म्हणून मोजले गेले नाहीत ना, पाहिलं. त्यासाठी तर मी तुमच्याशी भांडले होते, आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होतीत. फरक मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना सारखे विखुरलेत का, एकीकडे दाटी नि दुसरीकडे पसारा असं तर नाही ना, ते पाहिलं. नवे दोर, जुने दोर, सगळीकडे एकसारखा पट्टा. ठिपके इतके नीट बसले होते की मी दोनदा पाहिलं. मग सही केली.

परवा ते रद्द केलेले, मध्ये तुटलेले दोर मी पुन्हा आत घातले आणि तेच चित्र पुन्हा काढलं.

नरसाळं निघालं, ताई. डावीकडे नव्या दोरांची दाटी, आणि उजवीकडे वय वाढेल तसा पसारा वाढत गेलेला. काही जुने दोर अजून भक्कम, काही अगदी गेलेले. रेषाही जास्त तिरकी झाली, पण मला रेषेची भीती वाटली नाही. जुना दोर कमीत कमी किती भार सोसेल ती खालची हद्द आपण पसारा सगळीकडे सारखाच आहे असं धरून काढली होती, आणि त्याच हद्दीच्या जोरावर अहवालात लिहिलं होतं की तीनऐवजी पाच वर्षं वापरायला हरकत नाही. पसारा सारखा नाही. त्याचा हिशेब धरून पुन्हा काढली, तर पाचव्या वर्षाची हद्द माणसाच्या वजनाला लागणाऱ्या सुरक्षित भाराच्या खाली जाते. चौथ्या वर्षाचीही जेमतेम.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. माझा दादा काय काम करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. उंच इमारतींच्या काचा पुसतो, छतावरून दोराने खाली उतरून. त्यांच्या कंपनीने आपला अहवाल आल्याबरोबर नवे दोर घेणं थांबवलं आणि बाद करून ठेवलेले जुने पुन्हा बाहेर काढले. गेल्या महिन्यापासून तो पाचव्या वर्षाच्या दोरावर उतरतो. कामाचा दोर आणि जोडीला सांभाळायचा दोर, दोन्ही एकाच वयाचे. त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा तो हसत होता. "आता तुझ्या सहीवर लटकतो मी," म्हणाला.

आमच्या घरात आई अंगठा उठवते. बाबाही अंगठाच उठवायचे. दादाने शाळा सोडली ती मी शिकावी म्हणून. सही करणारी मी पहिली. सही म्हणजे काय असतं, हे आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं, मलाही तुम्हीच सांगितलंत.

मी घरी अजून काही बोलले नाही. तुमच्या उत्तराची वाट पाहते आहे. तुमच्याकडे काहीतरी कारण असेल, ते ऐकल्यावर मला स्वतःची लाज वाटेल, अशी मी अजून आशा धरून आहे. आजचा दिवस आणि उद्याचा, इतकंच थांबेन.


१६ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही फोन केलात. आपलं काय बोलणं झालं ते तुम्हाला आठवत असेलच, तरी मी लिहून काढते. माझ्या कानावर माझा विश्वास बसत नाही, कागदावर पाहिलं तर बसेल.

तुम्ही आधी माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केलीत. मग म्हणालात, "तू स्टोअरमध्ये गेलीस?"

"हो."

"कोणाला विचारून?"

तुम्ही सुस्कारा सोडलात.

"हे बघ, जुन्या दोरांमध्ये चार-दोन सडके निघायचेच. कोणी उन्हात टाकलेले, कोणी रंगाच्या डब्याशेजारी ठेवलेले. ते दोर म्हणजे दोर नव्हेतच. ते आत घेतले असते तर पसारा बिघडला असता, गृहीतकं तुटली असती आणि अहवाल पास करणाऱ्या समितीने अख्खा अभ्यास परत पाठवला असता. वर्षभराचं काम पाण्यात."

"पण ताई, ते इमारतींवरून काढून आणलेले दोर होते. नियम मोडून का होईना, माणसं त्यांच्यावरच लटकत होती."

"कोणी पडलं का?"

मी म्हटलं, नाही.

"मग?"

आणि मग मी ते विचारलं, जे विचारायचं मला धाडस नव्हतं. तपासणी माझ्याकडेच का दिली? विभागात माझ्याहून मोठे होते, जुने होते.

तुम्ही अगदी मायेने म्हणालात. मला तेच सहन होत नाही, की मायेने म्हणालात. "अगं, तू सगळं तपासतेस हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तू सही केलीस की कोणी पुन्हा बघत नाही."

माझी शंका घेण्याची सवय, जिच्यामुळे कॉलेजात पोरी मला टाळायच्या, जिच्यावर घरी सगळे हसतात, ती एकट्या तुम्हाला आवडली होती. मला वाटायचं, निदान एका माणसाला माझा उपयोग कळला. उपयोग तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळला होता.

तुम्ही मला फसवायला काहीच खोटं शिकवलं नाही, हे मी पुन्हापुन्हा आठवून पाहिलं. रेषेला काही विचारण्याआधी तिच्या आजूबाजूला बघ, हे खरं आहे. मी बघितलं. पण मी बघणार हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून आजूबाजूचं आधीच झाडून-पुसून ठेवलंत. गृहीतकं आकड्यांना लागू पडतात का ते मी तपासत होते, आणि तुम्ही गृहीतकांना लागू पडतील एवढेच आकडे माझ्यापुढे ठेवले होते.

शेवटी तुम्ही सांगितलंत की समितीला एक चिठ्ठी लिही, लेबलं लिहिताना स्टोअरमध्ये गोंधळ झाला, निष्कर्षाला बाधा नाही. "दोघींचंही निभावेल," म्हणालात. मी विचार करते म्हटलं. ते खोटं होतं. फोन ठेवून मी थेट दादाच्या कामावर गेले.

छतावर सगळी टोळी होती. दादा पट्टे बांधत होता, शेजारी मामा. त्यांच्यातले सर्वांत जुने, सगळे त्यांना मामाच म्हणतात.

"आल्या, साहेबीणबाई आल्या!" दादा ओरडला. "लिफ्टने आलीस की जिन्याने?"

"लिफ्टचा दोर पण हिनेच पास केलाय का विचार," मामा म्हणाले.

"दादा, आज उतरू नको."

"का गं? वारा पण नाही."

मी सांगायला लागले आणि माझं नेहमीसारखं झालं, आधी नको तेवढं बारीक, मग एकदम गोंधळ. म्हटलं की सरासरी जुना दोर तसा ठीक आहे, पण—

"सरासरी कोण?" मामा म्हणाले. "आमच्या टोळीत तर नाही कोणी त्या नावाचा."

पोरं हसली. दादा हसला नाही. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं होतं. मग मी सरळ सांगितलं. जुन्यांतला कोणता दोर चांगला आणि कोणता गेलेला, हे बाहेरून कळत नाही. गेलेले किती, हे आम्ही अहवालात लपवलं. आम्ही म्हटलं मी, ताई. तुमचं नाव घेतलं नाही. का ते मला माहीत नाही.

दादा खाली बसला. बराच वेळ पट्ट्याच्या कडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "मामा नको म्हणत होते. जुन्या दोरावर नाही उतरायचं म्हणून अडून बसले होते. मी त्यांना तयार केलं."

"कसं?"

"कसं म्हणजे काय? सांगितलं, माझ्या बहिणीची सही आहे."

मामांनी कमरेचा पट्टा सोडला, कड्या काढल्या, सगळं गोळा करून पिशवीत भरलं आणि जिन्याकडे चालू लागले. दादाने हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही. दादाने आयुष्यात त्यांना फसवलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडून आणि मी त्याच्याकडून ते करवून घेतलं.

मी चिठ्ठी लिहिणार नाही. समितीला दोन्ही चित्रं पाठवली आहेत, एक रद्द दोरांशिवायचं, एक त्यांच्यासकट, आणि सांगितलं आहे की स्टोअरमध्ये येऊन स्वतः बघा. सही मागे घेतली आहे. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. तुमच्यासाठी एवढं करणं अजून जमतं.


११ मार्च

मॅडम,

समितीच्या बैठकीत आपण समोरासमोर बसलो होतो, तरी बोलणं झालं नाही. म्हणून हे शेवटचं.

अध्यक्षांनी विचारलं, अनुमान काढण्याआधी गृहीतकं तपासली होती का? तुम्ही पाण्याचा ग्लास खाली ठेवलात आणि म्हणालात, "हो. सगळी हिनेच तपासली. सही हिचीच आहे." एक शब्दही खोटा नव्हता. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

मग त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तपासली, आणि एकूणएक पास झाली. माझ्या चित्रात काहीच चूक नाही. जे दोर त्या चित्राबाहेर ठेवले होते, ते बघा. ते स्टोअरमध्ये गेले. परत आले तेव्हा अध्यक्षांच्या बाह्या धुळीने भरल्या होत्या.

निकाल तुम्हाला मिळाला असेल. मर्यादा पुन्हा तीन वर्षं. जुने दोर गोळा करून तोडून टाकायचे, कोणी चुकूनही वापरू नयेत म्हणून. तुमची चौकशी. आणि वर्षभर माझ्या सहीला किंमत नाही. त्यावर माझी तक्रार नाही. आता ते तिच्यावर कशाच्या बळावर भरवसा ठेवतील?

दादाला सांगितलं. तो विचारत होता, मग नवे दोर कोण बघणार?

"दुसऱ्या प्रयोगशाळेतले."

"तू नाही?"

"मी नाही."

"ओळखतेस त्यांना?"

"नाही."

तो जेवता जेवता थांबला. "मग मी कशावर लटकू?" म्हणाला. रागाने नाही, खरंच विचारत होता. वहिनी ताटाकडे बघत राहिली. इतकं सगळं होऊनही त्याला माझीच सही हवी होती. नवा दोर चांगला असणारच, नवे दोर सगळे एकसारखे असतात, हे मला आकड्यांनिशी ठाऊक आहे. मी तोंड उघडलं आणि ते शब्द बाहेर येईनात. कारण ते आकडेही कोणीतरी माझ्यापुढे ठेवलेले आहेत.

सोमवारी नवे दोर आले. मी रजा टाकून छतावर गेले. मामाही आले होते, दादापासून जरा लांब उभे. दादाने दोर खांबाला बांधला आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढून पाहिला. मग सोडला, गाठ तपासली, पुन्हा ओढला. मग तिसऱ्यांदा. तो असं कधी करत नसे. माझ्या लहानपणापासून बघते आहे, तो बांधायचा, शीळ घालायचा आणि कठड्यावरून पाय टाकायचा.

"काय रे," मामा लांबूनच म्हणाले, "बहिणीची सवय लागली वाटतं?"

पोरं हसली. दादाने मान वर केली नाही. तो चौथ्यांदा गाठीकडे वळला.